स्वागताध्यक्षांचे भाषण : मूर्तीची आखणी



पेण नगरीत भरलेल्या या साहित्यसंमेलनात आपले स्वागत करण्याचा मान माझ्यासारख्या निवृत्त मराठी शिक्षकाकडे यावा, याबद्दल मी समितीचा ऋणी आहे. गणेशमूर्तींमुळे गावाचे नाव सर्वतोमुखी झाले असले, तरी लेखनकलेचा विचार करू लागताच मला प्रथम स्मरण होते ते याच मुलखातील वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे. दारिद्र्याने गांजून, दक्षिणा मिळण्याच्या आशेने १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात गेलेला हा भिक्षुक बंडाच्या वणव्यात सापडला, झाशीचा वेढा त्याने शहरात राहून पाहिला, आणि कित्येक वर्षांनी त्याने लिहिलेली हकीकत चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. आपण कोठे होतो, काय पाहिले, भयाने जीव कसा व्याकुळ झाला, हे गोडसे यांनी घरच्या ओटीवर बसून सांगावे तसे सांगितले. म्हणूनच सरकारी दप्तरांतील खलिते अभ्यासकांपुरते उरले असता हे पुस्तक मात्र सामान्य वाचकाच्याही हातून सुटत नाही.

याच्या उलट अनुभव माझ्याच वर्गातला. तेथे मिठागरावर राबणाऱ्या कुटुंबातील एक मुलगी होती. ‘माझे गाव’ या विषयावर तिने ‘निसर्गरम्य’, ‘विहंगम’, ‘मनोहारी’ अशी विशेषणे ओळीने मांडली आणि मी तिला उत्तम गुण दिले, ही गोष्ट मला आजही सलते. पुढे एकदा बोलता बोलता ती म्हणाली की, वाफ्यातले पाणी आटत आले म्हणजे तांबूस दिसू लागते, आणि टाचांच्या भेगांत मीठ झोंबले म्हणजे बाबा रात्री गोड्या पाण्यात पाय सोडून बसतात. निबंधात यातले अक्षरही नव्हते. कारण असले काही लिहायचे नसते, हे नकळत मीच तिला शिकवले होते.

संस्कृत शब्दांचा मला तिटकारा नाही. माझी वाणीच त्यांवर पोसली आहे. परंतु येथील कारखान्यांत मूर्तीचे अंग रंगवून झाले, मुकुटाला सोनेरी चढली, तरी डोळ्यांची आखणी होईपर्यंत ती मूर्ती कोणाकडे पाहत नाही. बारीक कुंचला हाती धरून, श्वास रोखून कारागीर बुबुळाची रेघ ओढतो, तेव्हा कुठे समोर उभ्या असलेल्या माणसाची आणि तिची दृष्टादृष्ट होते. आपण लिहिणारे मुकुटाच्या सोनेरीतच फार गुंततो, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतः पाहिलेली एखादी नेमकी गोष्ट, तिच्या प्रचारातल्या नावानिशी, योग्य जागी आली, की वाचक आपण होऊन थांबतो.

तेव्हा, मंडळी, परिसंवादांतून सवड काढून आपण एखाद्या कारखान्यात अवश्य जावे आणि आखणी करणाऱ्याच्या पाठीशी घटकाभर उभे राहावे, तशी तजवीज समितीने केली आहे. पेणकरांच्या वतीने आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करून अध्यक्षमहाशयांना मी आसनस्थ होण्याची विनंती करतो.