कोणती शुगर?

आपल्याकडे कुणाला शुगर निघाली की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. किती निघाली? भात सोडला का? गोळी जेवणाआधी की नंतर? कोणत्या प्रकारची निघाली, हे सहसा कुणी विचारत नाही. चाळिशी उलटली म्हणजे टाइप टू, असं धरूनच कागद लिहिला जातो. बहुतेकदा ते बरोबरही असतं. मी आज बोलणार आहे ते उरलेल्यांबद्दल.

टाइप वन लहान मुलांनाच होतो, ही समजूत फार पक्की आहे. ब्रिटनच्या थेरेसा मे यांना २०१२ साली, वयाच्या ५६व्या वर्षी मधुमेह निघाला. आधी टाइप टू ठरला, गोळ्या सुरू झाल्या, पण साखर हटेना. पुन्हा तपासण्या केल्या तेव्हा टाइप वन निघाला आणि इन्सुलिन द्यावं लागलं. त्या वेळी बाई देशाच्या गृहमंत्री होत्या! मग गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या शेतमजुराचं निदान पहिल्या फटक्यात अचूक व्हावं, ही अपेक्षा कशी धरायची?

मोठ्या वयातल्या टाइप वनमध्ये इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश बऱ्याचदा संथपणे होतो. त्यामुळे काही महिने, कधी काही वर्षं गोळ्यांवर भागतं आणि चुकीचं नाव घट्ट चिकटून बसतं. गॅड अँटीबॉडी आणि सी-पेप्टाइड या रक्ततपासण्यांनी बराच उलगडा होतो, पण त्या तालुक्याच्या ठिकाणी सहसा होत नाहीत.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत गुंता आणखी वाढतो. धानाच्या बांधीत राबणारा, तेंदूपत्ता तोडणारा माणूस मुळातच काटकुळा. काटकुळा म्हणजे टाइप वन, असंही म्हणता येत नाही. वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत. शिवाय कुपोषणाशी जोडलेला एक वेगळाच मधुमेह आहे. १९५५ साली जमैकात त्याची नोंद झाली, १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला वर्गीकरणात जागा दिली आणि १९९९ साली काढूनही घेतली. गरिबांचा आजार कागदावरून असा पुसला जातो! २०२२ साली वेल्लोरचे डॉ. निहाल थॉमस आणि अमेरिकेतल्या डॉ. मेरेडिथ हॉकिन्स यांच्या गटाने तो दोन्ही नेहमीच्या प्रकारांहून निराळा असल्याचं मांडलं. २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला टाइप फाइव्ह म्हटलं. तो खरंच वेगळा प्रकार आहे का, हा तज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. अशा रुग्णाला इन्सुलिन जास्त झालं, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

त्यातच आपल्याकडे सिकलसेल. त्यात लाल पेशी लवकर मरतात, म्हणून तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. घरात कुणाला सिकलसेल असेल, तर डॉक्टरांना आधी ते सांगा.

वजन झपाट्याने उतरतंय, तहान भागत नाही, गोळ्या वाढवूनही साखर हटत नाही, तर प्रकाराबद्दल पुन्हा विचारा. उलट्या, धाप, गुंगी असेल तर थांबू नका. थेट दवाखाना गाठा.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. टाइप टूच्या माणसाची गोळी चार दिवस चुकली तर साखर वाढते; टाइप वनच्या माणसाला इन्सुलिनशिवाय चार दिवस जीवघेणे ठरू शकतात. म्हणून प्रकाराचा प्रश्न मृगाआधी सुटायला हवा, आणि इन्सुलिन लागणाऱ्याच्या घरी पावसाळ्याचा साठा आधीच पोचायला हवा. वीज गेली तर तो ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यातही थंड राहतो.