कोड उघडा आहे, वाचणार कोण?



पोलादपूरहून एवढ्या पावसात आलेल्या मुलामुलींचे आधी आभार. आणि आधीच सांगतो, बिटकॉइन विकत घ्या असे सांगायला मी आलेलो नाही. माझ्या मामूंनी कुवेतची कमाई एका ‘पैसे दुप्पट’ कॉइनमध्ये घातली, ती बुडाली. त्यांनी मला विचारले, “तू इंजिनिअर ना? याच्या आत काय होते रे?” मी त्याचा कोड शोधला. कुठेच नव्हता.

बिटकॉइनचा कोड २००९ पासून उघडा आहे. पण उघडा असला म्हणजे वाचला जातोच असे नाही. २०१७ च्या ०.१४ आवृत्तीत वेगासाठी एक तपासणी वगळली गेली. पुढच्या आवृत्तीत त्यातून हवेतून नाणी पाडता येतील असे भोक तयार झाले. ते कळवले सप्टेंबर २०१८ मध्ये, बिटकॉइन कॅश या प्रतिस्पर्धी नाण्यावर काम करणाऱ्या एका प्रोग्रामरने. तोवर जाणत्यांना दिसले नव्हते.

महाडमध्ये हे वेगळे सांगायला नको. नगरपालिकेने चवदार तळे १९२४ मध्ये ठराव करून सर्वांना खुले केले. प्रत्यक्ष पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. तुलना ताणत नाही. तिथे लोकांनी मार खाल्ला. आपला फार तर बदल नामंजूर होतो.

माझाही झाला. एका प्रकल्पाला स्पेलिंगची दुरुस्ती पाठवली, दोन ओळींत बंद केली. राग आला. मग दुसऱ्यांचे बदल तपासू लागलो: कोड उतरवायचा, बिल्ड करायचा, चाचणी मुद्दाम मोडून पाहायची, दिसले ते लिहायचे. लिहिणारे पुष्कळ, तपासणारे कमी. नवख्याला जागा तिथेच आहे. बिटकॉइन कोअरचा पीआर रिव्ह्यू क्लब २०१९ मध्ये यासाठीच सुरू झाला. त्याच्या जुन्या नोंदी प्रश्नांसकट वाचा. सी++ आणि पायथन लागेल. इंग्रजी मोडके चालते. न तपासता ‘तपासले’ लिहिलेले चालत नाही.

शेकडो जीबींची ब्लॉकचेन उतरवायची गरज नाही. रेगटेस्टमध्ये खोटे जाळे आपल्याच लॅपटॉपवर चालते, घाटात नेट गेले तरी.

लॅपटॉप आणलेल्यांनी पुढच्या बाकांवर या. बिल्डला वेळ लागेल, तोवर चहा घेऊ.