आवाज मोठा, पण भांडण नव्हे
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘दोन शब्द बोला’ असं चिटणीसांनी सांगितलं आणि वर म्हणाले, ‘तुम्हाला माइक लागणार नाही!’ पंचवीस वर्षांत एवढी ओळख तरी मी कमावली आहे.

माझं माहेर कोल्हापूरजवळचं खेडं. तिथं माणूस बांधावर उभा राहून विहिरीवरच्या माणसाशी बोलतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, हे मी पुढे कधीतरी वाचलं. आमच्या अण्णांच्या गळ्यात ते हाळी देऊन देऊन आधीच मुरलं होतं. ‘काय गं, जेवलीस का न्हाई?’ ही मायेची चौकशीसुद्धा परक्याला दरडावणी वाटावी.

सोसायटीच्या पहिल्याच वर्षी अण्णा आमच्याकडे राहायला आले. आठवड्याभरात समितीचं पत्र: ‘आपल्या सदनिकेतून रोज भांडणाचे आवाज येतात.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी अण्णांना म्हटलं, ‘जरा हळू बोला, इथं लोक नावं ठेवतात.’ अण्णा हळू बोलले नाहीत, ते बोलायचेच थांबले. चार दिवसांनी पिशवी भरून गावी गेले. पुन्हा कधी मुक्कामाला आले नाहीत.

तक्रार कोणाची ते मला कळलं होतं. दोन वर्षं मी त्या काकूंशी जिन्यात बोलले नाही. मग एका संक्रांतीला त्याच तिळगूळ घेऊन दारात आल्या. बोलता बोलता बालपणाचा विषय निघाला. परळच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, माणसं सात. वडील गिरणीत रात्रपाळीला, म्हणजे दिवसा झोपलेले. ‘आम्ही भावंडं भांडायचोसुद्धा कुजबुजत,’ त्या म्हणाल्या. ‘घरात आवाज चढला की मला अजून धडकी भरते.’

गंमत म्हणजे त्यांचे वडील स्वतः मोठ्यानं बोलत. साचेखात्याच्या खडखडाटात दुसरा इलाजच नव्हता. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली नोंदवलं आहे. म्हणजे कोणाचा आवाज शेतानं घडवला, कोणाचा गिरणीनं, कोणाचा दहा बाय बाराच्या खोलीनं. त्यात संस्कार कमी-जास्त असण्याचा प्रश्न नाही.

रात्रीची शांतता हवीच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही नियमातली मर्यादा आहे. दहानंतर गावाकडचा फोन आला, तर मी आतल्या खोलीचं दार लावून बोलते. पण तो आवाज रागाचा आहे की मायेचा, हे डेसिबल सांगत नाहीत. ते विचारावं लागतं.

काकूंनी तेव्हा पत्राऐवजी बेल वाजवली असती, तर? आणि पत्र आल्यावर अण्णांना गप्प करण्याऐवजी मी त्यांना घेऊन काकूंकडे चहाला गेले असते, तर? चूक दोघींची झाली. भोगली मात्र अण्णांनी.

म्हणून एवढीच विनंती. तक्रारवहीत लिहिण्याआधी एकदा शेजारची बेल वाजवा. आमच्याकडे वाजवलीत, तर ‘या!’ तळमजल्यापर्यंत ऐकू येईल.