माळावरची रिकामी जागा

भूम तालुक्याचा आपला हा पट्टा खव्याचा. ईट, कुंथलगिरी या बाजूला दूध आटवायच्या कढया रोज भट्टीवर चढतात. दुधाचा धंदा आला की दावणीला गुरं आली, आणि गुरं आली की कधी ना कधी मरणारं जनावरही आलं. त्या मेलेल्या जनावराचं पूर्वी काय व्हायचं, हे साठी ओलांडलेल्या माणसाला विचारा. ते माळावर नेऊन टाकायचे. आभाळात एखादं गिधाड घिरट्या घालताना दिसायचं, मग कुठून कुठून आणखी गिधाडं उतरायची आणि बघता बघता नुसता सापळा उरायचा.

आज जनावर टाकलं तर वरून कुणी उतरत नाही. येतात ती कुत्री.

गिधाडं गेली ती डायक्लोफेनॅक नावाच्या औषधानं. ताप-सूज उतरावी म्हणून ते गुरांना टोचलं जायचं. असं जनावर मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. हे कोडं उलगडलं 2004 मध्ये. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून 2007 पर्यंत भारतात पांढऱ्या पाठीचं गिधाड हजारात जेमतेम एक उरलं. 1992 ते 2003 या काळात देशातली कुत्री सुमारे 55 लाखांनी वाढली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. कुत्रा गिधाडाचं अन्न खातो, पण गिधाडाचं काम करत नाही. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं की बहुतेक रोगजंतू तिथंच मरतात. कुत्रा मात्र अर्धं खातो, अर्धं ओढत गावात आणतो आणि वर पिसाळण्याचं भय.

निसर्गातली जागा अशी भरते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकणाऱ्याला जागा मिळते. तो जागेला लायक आहे का, हे कुणी विचारत नाही.

रिकाम्या जागी पुढं कोण बसेल, यावर डूगल डिक्सन या स्कॉटिश लेखकानं 1981 मध्ये ‘आफ्टर मॅन’ हे पुस्तक काढलं. माणूस नाहीसा झाल्यावर पाच कोटी वर्षांनी पृथ्वीवर कोणते प्राणी असतील, याची ती सचित्र कल्पना. गंमत अशी की त्यानं वाघ-सिंहांना वारस ठरवलं नाही. हरणांच्या जागी आले सशांचे वंशज, लांब पायांचे, कळपानं चरणारे. लांडग्याच्या जागी उंदरांचे. मला त्याची ही निवड पटते. जे काहीही खातात, कुठंही राहतात आणि पिल्लं भराभर घालतात, तेच मोडतोडीतून तगतात. गिधाडाची मादी वर्षाला एक अंडं घालते. कुत्री एका वेतात पाच-सहा पिल्लं देते.

याला पुरावा आपल्याच पायाखाली आहे. बालाघाटाचा काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच सुमाराला डायनासोर संपले. हैदराबादच्या पश्चिमेला नस्कल गावाजवळ लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात प्रसाद आणि साहनी या शास्त्रज्ञांना बारीक बारीक दात सापडले. 1988 मध्ये त्यांनी त्या प्राण्याचं नाव ठेवलं डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी. हा चिचुंद्रीएवढा सस्तन प्राणी डायनासोरांच्या पायात वावरत होता. पुढं हत्ती, घोडा, वाघ, माणूस हे सगळे निघाले ते अशाच चिल्लर जीवांमधून.

मग आपल्या माळावर पुढं काय? थोडी कल्पना लढवू.

नान्नजच्या माळावर माळढोक होता. 1970 च्या दशकात सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींनी त्याच्याकडं लक्ष वेधलं, 1979 मध्ये अभयारण्य झालं, तरी पक्षी हातातून जवळजवळ निसटलाच. उघड्या गवतात चालत नाकतोडे टिपणारा मोठा पक्षी, ही जागा रिकामी. आपल्या शेजारी पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे, आणि मोर दाणाही खातो, किडाही, सापाचं पिल्लूही. वीस-तीस लाख वर्षांत मोराचा एक वंश झाडी सोडून गवतात उतरला तर? लांब पिसारा तिथं नडणार, तो आखडेल. पाय लांबतील, रंग वाळल्या गवताचा होईल. लांडोर तशी आजही मातकटच आहे. तिला फार बदलावं लागणार नाही, नखरा सोडावा लागेल तो मोराला.

कुत्र्याचंही तसंच. मढ्यावर जगणाऱ्या कुत्र्यांचा वंश टिकला तर जबडा जाड होईल, आतडी विष पचवायला शिकतील. पण तिथं आधीच तरस बसलंय, हाडं फोडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. शिवाय कुत्र्याचा वंश सरळ चालेलच असं नाही. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं 2023 मध्ये जनुकीय तपासणीत दिसलं. हा नवा प्राणी कल्पनेतला नाही, आणि मला तो मोराइतका आवडतही नाही. त्यात लांडगा विरघळून जातो.

अर्थात प्रत्येक जागा नव्या प्राण्यासाठी खोळंबून बसत नाही. 2024 च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंगघाट अभयारण्यात वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून चारशेहून अधिक किलोमीटर चालून आला होता. ती जागा भरायला उत्क्रांती लागली नाही, पायपीट लागली.

गिधाडाचंही असंच होऊ शकतं. हरियाणात पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली काही गिधाडं 2024 च्या जानेवारीत ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. डायक्लोफेनॅकला जनावरांसाठी 2006 पासून बंदी आहे, 2023 मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेनवरही आली. तेव्हा म्हैस तापली, तर डॉक्टरांना मेलॉक्सिकॅमबद्दल जरूर विचारा. ते म्हशीला चालतं आणि गिधाडालाही बाधत नाही.