भाग ४१ : बाओ दाईचं घड्याळ आणि माझं घड्याळ

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली. म्हणे, ‘दादा, हिऱ्यांची घड्याळं लिलावात कोटींना जातात. मग साधं घड्याळ घेऊन त्यात हिरे बसवून घेतले तर?’ ऐकून मी आधी हसलो, मग गप्प झालो. कारण जवळजवळ हाच मूर्खपणा मी स्वतः पैसे देऊन केलेला आहे. त्यावर येतोच. आधी जिनिव्हाला जाऊ.

साल १९५४. जिनिव्हात व्हिएतनामच्या भवितव्यावर मोठमोठ्या देशांची परिषद चालू आहे. व्हिएतनामचा शेवटचा सम्राट बाओ दाई तेव्हा तिथे होता. गोष्ट अशी सांगतात की तो रोलेक्स विकणाऱ्या एका दुकानात शिरला आणि म्हणाला, आजवर बनलेलं सगळ्यात दुर्मीळ, सगळ्यात मौल्यवान रोलेक्स दाखवा. दुकानदाराने एकेक घड्याळ काढलं, याला एकही पसंत पडेना. शेवटी कंपनीकडून एक मागवलं, तेव्हा कुठे समाधान झालं. देशाचे तुकडे पडायची वेळ आणि हा गडी घड्याळं बघतोय, असं वाटतं खरं. पण घड्याळ मात्र त्याने अस्सल निवडलं.

त्या मॉडेलचा नंबर ६०६२. पिवळ्या सोन्याची केस, त्यात वार, तारीख, महिना आणि चंद्राच्या कला. डायल काळी. आणि सम आकड्यांच्या जागी हिरे. बस, इतकंच. अख्ख्या घड्याळावर हिरे मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

बाओ दाई १९९७ साली पॅरिसमध्ये गेला. २००२ मध्ये घरच्यांनी ते घड्याळ फिलिप्सच्या लिलावात ठेवलं आणि ते ३ लाख ४२ हजार स्विस फ्रँकला गेलं. लोकांना तेव्हाच तो आकडा प्रचंड वाटला होता. मग मे २०१७. तेच घड्याळ, तेच फिलिप्स, तेच जिनिव्हा. किंमत झाली ५० लाख ६० हजार ४२७ डॉलर. आपल्या पैशात तीस कोटींच्या वर!

आता विचार करा, या पंधरा वर्षांत त्या पाच बारक्या हिऱ्यांचा भाव असा किती वाढला असेल? ते हिरे काढून झवेरी बाजारात नेले तर त्यांचे जे काही येतील, ते त्या तीस कोटींत कुठे दिसणारही नाहीत. हिरे असलेली काळ्या डायलची ६०६२ आजवर फक्त तीन समोर आली आहेत, आणि सम आकड्यांवर हिरे असलेलं हे एकच. शिवाय पहिला मालक कोण, ते पक्कं माहीत आहे. घेणाऱ्याने पैसे मोजले ते ‘हे हिरे त्या दिवसापासून याच जागी आहेत’ या खात्रीचे.

उलट बाजूही बघा. २०१९ साली जिनिव्हातच एका धर्मादाय लिलावात पाटेक फिलिपचं ग्रँडमास्टर चाइम ३ कोटी १० लाख फ्रँकला गेलं. घड्याळ कशाचं? स्टीलचं! नावालाही हिरा नाही.

पाटेकचीच आणखी एक गंमत सांगतो, मला फार आवडते. प्लॅटिनमच्या बहुतेक घड्याळांत ते खालच्या बाजूला, सहाच्या आकड्याखाली, पट्टा जोडतात तिथे केसमध्ये एक बारका हिरा बसवतात. समोरच्याला दिसतही नाही. प्लॅटिनमची ती खूण. ओळखणारा बरोबर तिथेच बघतो.

तर, आता माझी कथा.

चार वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकले होते. खरं तर भाड्याचं घर बदलायला, डिपॉझिटसाठी. आणि एका रात्री दीड वाजता, अंथरुणात पडून, मोबाइलवर एका ऑनलाइन लिलावात मी बोली लावली. नाव घेत नाही, कारण चूक त्यांच्याइतकीच माझी. रोलेक्स डेटजस्ट, स्टील आणि सोनं, सत्तरच्या दशकातलं, आणि वर्णनात दोन शब्द : ‘डायमंड डायल’. माझी मर्यादा मी अडीच लाख ठरवली होती. समोर कुणीतरी पाच-पाच हजाराने वाढवत होतं. शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ वाढते, ते माहीत आहे ना? अशी चार वेळा वेळ वाढली. दोन लाख ऐंशी हजारांवर हातोडा पडला. म्हणजे स्क्रीनवर हिरवं टिकमार्क आलं, हातोडा कसला!

आणि इथे नव्या लोकांना माहीत नसतं ते ऐका. हातोडा पडतो ती किंमत तुमची नसते. त्यावर लिलाव घराचं ‘बायर्स प्रीमियम’ लागतं. पॉल न्यूमनचं प्रसिद्ध डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ५५ लाख डॉलरवर तुटलं, पण घेणाऱ्याने भरले १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५००. मधला फरक सगळा प्रीमियमचा. माझ्या बाबतीत प्रीमियम आणि त्यावरचा जीएसटी धरून बिल आलं साधारण ३ लाख ४६ हजार. डिपॉझिट संपलं. आईला सांगितलं, ‘लाखभराचं आहे.’

घड्याळ आलं. काय सांगू, सुंदर दिसत होतं. रविवारी ते घालून गिरगावात काकांकडे गेलो. काकांनी पस्तीस वर्षं हिरे बसवायचं काम केलं. सेटर. दुसऱ्यांच्या अंगठ्या, दुसऱ्यांची मंगळसूत्रं. म्हटलं, त्यांना दाखवू, खूश होतील.

काकांनी मनगट धरलं, मग म्हणाले, ‘काढ.’ खिडकीजवळ गेले, आयग्लास डोळ्याला लावला. मी चहा पीत होतो. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग विचारलं, ‘केवढ्याला घेतलंस?’

मी खरा आकडा सांगितला. काकांशी खोटं बोलता येत नाही मला.

‘अरे, हे कंपनीचं काम नाही. दहाच्या आकड्यावरचा बघ, कललाय. दोनचा पिवळट, चारचा पांढरा. कंपनीत दहा जण आधी खडे जुळवतात, मग बसवतात. आणि हे बघ, सोन्याच्या दातांनी धरलेलाच नाही. चिकटवलाय.’

‘काका, तुमची खात्री आहे?’

‘खात्री? असली कामं आम्हीसुद्धा केलीयेत. नव्वदच्या दशकात एक माणूस डायली घेऊन यायचा.’

नंतर ओळखीच्या घड्याळवाल्यांनी उघडून पाहिलं. डायलच्या मागे जुन्या साध्या खुणांची भोकं, ती गोंदाने भरलेली. डायल पुन्हा रंगवलेली, कंपनीचा मुकुटही थोडा सुजल्यासारखा छापलेला. म्हणजे आधी हे साधंसरळ, छान, मूळ डायलचं डेटजस्ट होतं. कुणीतरी त्याला ‘महाग’ करायला गेलं आणि स्वस्त करून ठेवलं.

मी चिडून लिलाववाल्यांना मेल केला. उत्तर शांतपणे आलं : आम्ही ‘डायमंड डायल’ म्हटलं, ‘मूळ’ कुठे म्हटलं? कंडिशन रिपोर्ट मागितल्यास मिळाला असता. खरंच, वर्णनाखाली तसं लिहिलेलं होतं. मी मागितलाच नव्हता. फुकट होता, हो!

म्हणून त्या व्हॉइस नोटवाल्या मित्रा, तुझ्यासाठी. लिलावाचं वर्णन वाचताना काय लिहिलंय त्याच्याइतकंच काय लिहिलेलं नाही ते बघ. ‘नंतर बसवलेले’ असा शब्द आला की संग्राहक मागे सरकतात. रॅपर लोकांची ती पूर्ण हिऱ्यांनी मढवलेली घड्याळं दिसायला भारी, पण बाहेर हिरे बसवून घेतलेलं घड्याळ रोलेक्सचं सर्व्हिस सेंटर दुरुस्तीलाही घेत नाही. पाटेकचं जुनं घड्याळ असेल तर कंपनीकडून नोंदवहीचा उतारा मागवता येतो, त्यात डायल कोणती होती ते बहुतेक कळतं. रोलेक्स असा उतारा देत नाही. त्यामुळे रोलेक्समध्ये सगळी भिस्त डोळ्यांवर, आणि रात्री दीड वाजता मोबाइलच्या स्क्रीनवर डोळे काय बघणार, कपाळ!

गेल्या दिवाळीत मी ते विकायला काढलं. वर्णन काकांनी सांगितलं, मी टाइप केलं : ‘डायल पुन्हा रंगवलेली. हिरे नंतर बसवलेले, चिकटवलेले. मशीन मूळ, उत्तम चालू.’ एक ऑफर आली, एक लाख नव्वद हजार. आईला मी सांगितलं होतं त्यापेक्षा जास्तच की!

विकलं नाही अजून. काकांचा हात शिवशिवतो, म्हणतात, दे, निदान तो दहाचा तरी सरळ करून देतो. मी देत नाही.