शिकार, शेतकरी आणि श्रावक

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सप्तव्यसनांची नावे पाठशाळेतील लहान मूलही सांगू शकते. त्यांत आखेट म्हणजे शिकारीचा उल्लेख आहे आणि श्रावकाच्या घरात जन्मलेल्याला तिच्या त्यागाची प्रतिज्ञा वेगळी घ्यावी लागत नाही. विवाहमंडपाजवळ कोंडलेल्या मुक्या प्राण्यांचा आक्रोश ऐकून रथ मागे फिरविणाऱ्या नेमिनाथांची कथा ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकली, त्याच्यासमोर शिकारीचा विषय मांडावयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रयोजन असे, की हिंगोली जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत आज हा विषय रात्रीच्या जागरणाचा झाला आहे. सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळदीच्या शेतांत रानडुकरे, रोही व हरणांचे कळप शिरतात. शेतकरी म्हणतो, बंदुकीचा परवाना द्या. शहरातला दयाळू मनुष्य म्हणतो, जीव मारू नका. या दोघांत बोलणे होत नाही, झाला तर वाद होतो. तो वाद ज्याच्या दुकानाच्या ओट्यावर होतो, तो पुष्कळदा जैन असतो.

या भूमीत बंदूक आली ती बाहेरून. पेशवाईच्या अखेरीनंतर हिंगोलीस निजामाच्या फौजेची, पुढे हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखल्या गेलेल्या पलटणीची छावणी पडली, ती १९०३ पर्यंत होती. गोरे अधिकारी येथे राहत आणि रिकाम्या वेळी पैनगंगा-कयाधूच्या खोऱ्यांत शिकार खेळत. छावणीमागे बाजार आला, बाजारामागे व्यापारी आले. (छावणीच्या बाजारातील सगळेच व्यापारी सज्जन होते असे नाही. कर्नल मेडोज टेलर यांनी १८३९ च्या आपल्या ठगांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत हिंगोलीचा हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित कापड-व्यापारी ठगांचा म्होरक्या निघाल्याची हकीकत दिली आहे. कापडाच्या धंद्यातील लोकांनी ती अवश्य वाचावी.) मराठवाड्यातील सैतवाळ व कासार जैन या मातीतलेच. मारवाड-गुजरातेतून आलेली घराणी त्या मानाने अलीकडची. परंतु फासेपारध्याच्या दृष्टीने पाहिले, तर छावणी, बाजार, नांगर, कालवा, सारेच नवागत होत.

पारधी या नावातच पारध आहे. त्यांच्यातील फासेपारधी बंदूक वापरीत नसत. दोऱ्याचे, केसांचे फास, शिकवलेल्या गाई-बैलाचा आडोसा, आणि तितर-लाव्यांना भुलविणारी हुबेहूब शीळ, एवढी त्यांची सामग्री. गाभण मादी फाशात सापडली तर सोडून द्यावी असा संकेत असल्याचे त्यांच्यातील जाणते लोक सांगतात. ही हिंसा नव्हे असे कोणी म्हणणार नाही. ती संकल्पी हिंसाच आहे. परंतु ती पोटापुरती होती आणि रान शिल्लक ठेवून होत होती. साहेबाची शिकार भिंतीवर शिंगे लावण्यासाठी होती. असे असता कायद्याने गुन्हेगार कोणास ठरविले? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये ब्रिटिश मुलुखात अशा भटक्या जमातींवर हजेरी बसली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक मना झाली आणि गोऱ्यांना मात्र सूट मिळाली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी जमातींवरील तो शिक्का कागदावरून पुसला गेला. गावात चोरी झाली की पहिली झडती अजूनही कोणाच्या पालाची होते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढे १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याचे स्वागत जैन समाजाने मनापासून केले आणि ते योग्यच होते. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेले, शिकारीचा शौक संपला. पण ज्याचा तो शौक नव्हता, उपजीविका होती, त्याच्या हाती त्याऐवजी काय द्यावयाचे, याचा विचार कायद्याने केला नाही आणि दयाधर्मी समाजानेही केला नाही. उलट एक प्रथा अनेक गावी पुष्कळ वर्षे चालू राहिली. पर्युषणात किंवा महावीर जयंतीस पकडलेले पक्षी विकत घेऊन सोडावयाचे. हेतू निर्मळ, यात शंका नाही. परंतु वाणिज्याच्या साध्या नियमाने पाहिले तर ज्या मालाला गिऱ्हाईक आहे तो माल बाजारात येणारच. सोडलेल्या पक्ष्याबरोबर पुढच्या वर्षीच्या फाशाची मागणी नोंदविली जात असे. अशी खरेदी आता कायद्यानेही गुन्हा आहे.

या प्रश्नाला दुसरे उत्तर असू शकते, हे शेजारच्या वाशिम जिल्ह्याने दाखविले. कारंजा हे नाव जैनांना भट्टारकांच्या गाद्यांमुळे आणि हस्तलिखितांच्या भांडारांमुळे परिचित आहे. त्याच कारंजाजवळ काळविटांचे अभयारण्य आहे, आणि तेथील ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारध्यांनाच सोबत घेऊन तणमोर या दुर्मिळ पक्ष्याच्या व माळरानाच्या रक्षणाचे काम उभे केले. तणमोर कोठे घरटे करतो, कोणत्या गवतात लपतो, हे फास लावणाऱ्याइतके कोणास ठाऊक असणार? अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनास शिरपूरला जाणाऱ्या यात्रेकरूंनी वाट थोडी वाकडी करून हे काम पाहून यावे.

आता शेतकऱ्याकडे वळू. त्याचे दुःख पारध्यापेक्षा निराळे आहे. गायराने अतिक्रमणांत गेली, माळ नांगराखाली आले, ज्यांना गवत हवे त्या काळविटांना व रोह्यांना पीक तेवढे उरले. रानडुकराला खाणारे मोठे श्वापद येथे राहिले नाही. ऊस-हळदीच्या दाट पिकात लपायला जागा मिळाली आणि एका वितीला अनेक पिल्ले होत असल्याने संख्या वाढली. शेतकरी मचाणावर बसून डबे वाजवतो, फटाके फोडतो, सौरऊर्जेचे झटका यंत्र बसवतो. ज्याला ते परवडत नाही तो धुऱ्याभोवती जुन्या साड्या बांधतो. शहरांतून वापरलेल्या साड्यांचे गठ्ठे वजनावर येतात आणि पेरणीच्या तोंडावर त्यांना चांगला उठाव असतो, हे कापड-बाजारात सर्वांना माहीत आहे. लग्नातल्या शालूपासून रोजच्या सुती लुगड्यापर्यंत सगळे रंग एका बांधावर फडफडताना दिसतात. पहिले काही दिवस डुकरे बिचकतात, नंतर सरावतात. मग काही जण तारेत चोरून वीज सोडतात, काही जण खाद्यात गावठी बॉम्ब ठेवतात. त्यात जनावरासोबत माणसेही मरतात, पुष्कळदा स्वतः शेतकरी किंवा त्याचा शेजारी.

बंदुकीच्या परवान्याची मागणी या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने पिकांची नासाडी करणाऱ्या रोही व रानडुकरांना मारण्याची परवानगी मिळण्याची पद्धत सुलभ केली. परवानगी मिळाली तरी बंदूक कोणाकडे आहे? मारण्यासाठी बाहेरून माणूस आणावा लागतो, आणि येथेच वाद पेटतो. २०१६ च्या जूनमध्ये बिहारात मोकामा भागात हैदराबादहून बोलावलेल्या नेमबाजांनी काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या, तेव्हा केंद्रातील दोन मंत्र्यांतच जाहीर खडाजंगी झाली.

त्याहून जवळचे उदाहरण पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातले. पांढरकवडा-राळेगाव परिसरात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली ‘अवनी’ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. गोळी झाडणारा हैदराबादच्या शिकारी घराण्यातला. गावांत फटाके वाजले, मिठाई वाटली गेली. मुंबईसारख्या शहरांत निषेधाच्या सभा झाल्या. केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी राज्य शासनावर उघड टीका केली आणि पुढे चौकशीत नियमभंगाचे आक्षेप नोंदविले गेले. नियम मोडले असतील तर ते निंद्यच. पण सरपणाला व गुरांमागे रानात जाणाऱ्यांनी दोन वर्षे जे भय भोगले, त्याची झळ निषेध करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना लागली होती. शोक आणि मिठाई, दोन्ही खरी होती. जैनांचा कल साहजिकच शोकाकडे झाला. मिठाई वाटणाऱ्याच्या घरी सांत्वनाला कोण गेले?

स्थानिक माणूस नेहमी मारू पाहतो आणि बाहेरचा नेहमी वाचवू पाहतो, असेही नाही. राजस्थानात जोधपूरजवळ कांकाणी येथे १९९८ मध्ये चित्रीकरणासाठी मुंबईहून आलेल्या कलावंतांवर काळविटांच्या शिकारीचा आरोप झाला, तो बिश्नोई ग्रामस्थांच्या धाडसामुळे. इजिप्तमधील डेन्शवाई या खेड्यात जून १९०६ मध्ये इंग्रज अधिकारी गावकऱ्यांची पाळीव कबुतरे टिपू लागले. चकमक झाली, पळालेला एक अधिकारी उष्माघाताने मेला आणि सूड म्हणून चार गावकऱ्यांना फाशी दिले गेले. डेन्शवाईचे लोक अहिंसक नव्हते, कबुतरे ते खाण्यासाठीच पाळीत. त्यांचा संताप होता तो आपल्या गावात आपल्याला न विचारता बंदूक चालवली याचा. आपल्याला न विचारता बंदूक चालवू नका असे सांगितले की शेतकऱ्याचा जो संताप होतो, तोही मुळात त्याच जातीचा आहे.

शास्त्राने येथे पुष्कळ सूक्ष्म विचार केला आहे. हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगून गृहस्थाला संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग सांगितला. उरलेल्या तिन्हींत यत्नाचार सांगितला, म्हणजे टाळता येईल तेवढी टाळणे. भगवान ऋषभदेवांनी प्रजेला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प अशी षट्कर्मे शिकविली. त्यांत कृषी आहे, वाणिज्य आहे आणि असिही आहे. व्यापाऱ्याने आपल्या वाट्याला वाणिज्य घेतले म्हणून कृषीतल्या हिंसेचा भार दुसऱ्याच्या खात्यावर टाकून मोकळे होता येत नाही. तूर ज्याने राखली त्याच्याकडूनच ती आडत दुकानात आली आणि तिचे वरण प्रत्येक चौक्यात शिजले. पिकात शिरलेल्या कळपाला हाकलणारा शेतकरी संकल्पी हिंसा करीत नाही. सर्व उपाय थकल्यावर शासनाची परवानगी घेऊन त्याने एखादे डुक्कर मारले तर ती विरोधी हिंसा म्हणावी की नाही, यावर विद्वानांत मतभेद होऊ शकतात. मुनिमहाराजांनी त्यावर अवश्य मार्गदर्शन करावे. परंतु हौसेने चार जिल्हे ओलांडून येणारा आणि मारलेल्या जनावरासमवेत छायाचित्र काढणारा नेमबाज कोणत्या भेदात बसतो, याबद्दल मतभेदाला जागा नाही. शासनाचा कागद खिशात असला तरी ते आखेटच होय.

अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसादान सांगितले आहे, म्हणजे शस्त्र, विष इत्यादी हिंसेची साधने दुसऱ्यास पुरविणे. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य वर्ज्य आहे. कीटकनाशकाच्या दुकानाचा हिशेब या जागी काढला तर सभेत अस्वस्थता पसरेल, म्हणून तो विषय येथेच सोडलेला बरा. एवढे मात्र खरे, की बंदुकीच्या परवान्याला विरोध करणाऱ्या निवेदनावर सही करण्यापूर्वी सही करणाऱ्याने आपल्या धंद्याकडेही एकदा पाहावे.

यास्तव विश्वस्त मंडळापुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. पांजरपोळ, पक्ष्यांना दाणे, कत्तलीतून सोडवलेली जनावरे, यांसाठी जीवदया निधी खर्च होतो आणि तो व्हावा. त्यातला काही भाग सामुदायिक कुंपणासाठी द्यावा. एकट्या शेताला कुंपण घातले तर डुक्कर शेजारच्या शेतात जाते आणि शेजाऱ्याचा शत्रू होते. दहा-वीस शेतांना मिळून सौर कुंपण घातले तर खर्च वाटला जातो आणि रात्रीची राखणही. कुंपण तुटले की दुरुस्ती कोण करणार, हे आधी गावाशी लिहून ठरवावे, नाहीतर दुसऱ्या वर्षी तारा भंगारात जातात. शासनाची पीकनुकसान भरपाई मिळवताना अर्ज, पंचनामा, सातबारा, बँक खाते यांत शेतकरी थकतो. समाजातील वाणिज्य पदवीधर तरुणांनी आठवड्यातून एक दिवस त्या कागदांसाठी दिला तर त्यास दानाइतकेच मोल आहे. आणि फासेपारध्यांच्या मुलांपैकी दोन-चार जणांच्या शिक्षणाचा व वसतिगृहाचा खर्च ट्रस्टने उचलावा, तोही नावाची पाटी न लावता.

निधीचा निर्णय पर्युषणावर ठेवू नये. पेरणी जूनमध्ये होते आणि बियाणे मातीत पडताच पहिल्या आठवड्यात डुकरे सरी उकरून दाणे खातात. भाद्रपदात ठराव झाला तर तोवर खरीप अर्धा संपलेला असतो. अक्षय्य तृतीयेस ऋषभदेवांच्या पारण्याच्या निमित्ताने समाज एकत्र येतोच. त्याच दिवशी कोणती गावे घ्यावयाची याची यादी करावी, आणि ती करताना त्या गावांच्या शेतकऱ्यांना सभेस बोलवावे.