चिमुकल्या वाघिणी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की आता बोनस, महागाई आणि संप यांवर ऐकावे लागणार अशी श्रोत्यांची तयारी असते. आज आम्ही बोलणार आहोत ते बोटभर लांबीच्या मालडब्यांविषयी. आम्ही म्हणजे युनियनच्या कचेरीत रविवारी जमणारी चार माणसे. तिथे पुठ्ठा, डिंक आणि छत्रीच्या काड्या घेऊन आम्ही रेल्वेच्या वाघिणी तयार करतो. 'वॅगन' या शब्दाची वाघीण ज्याने केली त्या अनाम हमालाला आमचा नमस्कार. विद्वानांच्या समितीला असा शब्द सुचला नसता.

एका सद्गृहस्थांनी आम्हाला विचारले, "पोट हातावर असणाऱ्यांना हे चोचले कशाला?" त्याचे उत्तर जुने आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली आणि १८९० साली ती मिळवली. ती सुट्टी केवळ सोमवारी पुन्हा राबता यावे म्हणून नव्हती. ज्या वस्तूवर मुकादमाची नजर नाही आणि जिचा भाव कोणी ठरवत नाही, अशी एखादी वस्तू आपल्या हाताने पहिल्यापासून शेवटपर्यंत करण्याचे सुख मजुरालाही हवे असते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ साली छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले, ते आम्ही दोनदा पाहून आलो. तिथून परतताना ठरवले की आपण आपली गाडी करायची. आपली म्हणजे बार्शी लाइट.

तरुणांना ती आता ठाऊक नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फूट रुंदीची लाइन चालू केली. १९११ पर्यंत ती येडशी, ढोकी, मुरूड करीत लातूरला पोचली. बार्शी इंग्रजी मुलखात आणि येडशी निजामाच्या, म्हणजे एक पोते दोन राज्ये ओलांडून जाई. कॅलथ्रॉपचे डोके मोठे. (पुढे याच गृहस्थाने वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली.) कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार नको, आणि सगळ्या मालडब्यांची चौकट एकाच मापाची, पंचवीस फुटी, असा त्याचा हिशोब होता. पोलादी पत्रा दाबून केलेली चौकट हलकी होते. चार आसांचा डबा मालासकट वीस टन भरायचा असेल, तर डबा जितका हलका तितका माल जास्त.

आम्ही सत्त्याऐंशीपट लहान डबे करतो. पंचवीस फुटांचा डबा साडेआठ सेंटिमीटरांहून थोडा मोठा होतो, आणि अडीच फुटी लाइन नऊ मिलिमीटरांच्या आत येते. त्या मापाचे रूळ व चाके बाजारात विकत मिळतात. चाके घरी करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये, आम्ही पडलो आणि फसलो. बाकी सगळे घरचे. लग्नपत्रिकेचा जाड कागद भिंतींना उत्तम. त्यावर उलट्या बाजूने संपलेल्या बॉलपेनाचे टोक दाबले की पुढे रिव्हेट उठतात. एका डब्याला ते काम दोन रविवार पुरते. रंग देऊन झाला की डबा फार नवा दिसतो. मग विटेची पूड, काजळी आणि चहाचे पाणी. गंज कुठे चढतो ते बघावे लागते : दाराच्या खाली, पाणी साचते तिथे. आमच्यातल्या एका मुलाने नळाच्या पाइपाचा तुकडा कापून पाण्याची टाकी केली. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आपल्याच जिल्ह्यातून गेली, पहिल्या खेपेला दहा टाक्या होत्या. ती त्याने डोळ्यांनी पाहिली होती.

एकदा आमचा डबा सारखा रुळावरून उतरू लागला, म्हणून वजनाचा विचार करावा लागला. लांबी सत्त्याऐंशीने भागायची, पण वजन त्याच आकड्याने तीनदा भागायचे. वीस टनांचे होतात तीस ग्रॅम. मग गंमत म्हणून क्विंटलचे पोते भागून पाहिले. ते ज्वारीच्या पाचेक दाण्यांएवढे झाले, आणि ते वाहणारा माणूस अडीच-तीन दाण्यांचा. आपल्या दुपटीचे ओझे! आम्ही हमालांत काम केलेली माणसे, पण हे प्रमाण असे तळहातावर कधी घेतले नव्हते.

कुर्डुवाडीला मोठी लाइन आणि छोटी लाइन भेटत. डबा एकीवरून दुसरीवर जाऊ शकत नाही, म्हणून माणसाची पाठ मधला पूल व्हायची. समजा एका डब्यात पंधरा टन माल, तर दीडशे खेपा. कॅलथ्रॉपने चौकटीचे वजन वाचवले, हे खरे. पण त्याच्या हिशोबात ही पाठ नव्हती. पुढे सगळी लाइन रुंद झाली, २००७-०८ साली गाडी वळण घेऊन आपल्या धाराशिव गावातून जाऊ लागली, आणि डबा सरळ जाऊ लागला. ओझे गेले ते बरे झाले. ते काम गेले त्यांचे काय झाले, हा प्रश्न मात्र आम्ही युनियनवाल्यांनीही त्या वेळी पुरेसा विचारला नाही.

म्हणून आम्ही तो फलाट केला आहे. एका बाजूला नऊ मिलिमीटरांची लाइन, दुसऱ्या बाजूला मोठी. मोठ्या लाइनीची पंचाईत झाली. विकतचे रूळ साडेसोळा मिलिमीटरांचे, तर आपल्या साडेपाच फुटांना एकोणीसच्या वर लागतात, कारण ते माप परक्या देशाचे. चालवून घेता आले असते, पण आम्ही काड्या मोजून स्वतः रूळ टाकले. मध्ये तारेचे व मेणाचे एकोणीस मिलिमीटर उंचीचे हमाल, पाठीत वाकलेले.

एक वृद्ध हमाल ते पाहायला आले. बराच वेळ डोळे बारीक करून पाहत राहिले. वाघिणीला त्यांनी नावे ठेवली नाहीत, गंजालाही नाही. शेवटी म्हणाले, "समदं हाय. फळी कुठं हाय? फळीबिगर माणूस डब्यात शिरतोय कसा?"

डब्याचे दार आणि फलाट यांच्यामध्ये टाकायची फळी आम्ही विसरलो होतो. त्यांनीच काड्याची पेटी काढली, एक काडी मोडून दारात ठेवली, आणि ती जरा तिरपी केली. पाय घसरू नये म्हणून ती तशीच लावत, म्हणाले. डिंक लावून आम्ही ती तिरपीच बसवली आहे.